डाउनलोड आपले, कमाई कुणाची? कॅज्युअल (फावल्या वेळात खेळायच्या सोप्या) मोबाइल गेमच्या बाजारावर चर्चा

मोंढेकर (परभणी):
‘भारतात सर्वाधिक डाउनलोड’ अशी यादी आली की आपल्याकडची पोरं खूश होतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे : डाउनलोडवरून गेम चालला की पडला हे ठरवूच नये. माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. मेमरी भरून फोन हँग झाला की गिऱ्हाईक म्हणतं, “काय उडवायचं ते उडवा, लुडो तेवढा ठेवा.” जे उडतात त्यातले कितीतरी कधीकाळी यादीत वर होते.

कॅन्डी क्रश घ्या. २०१२ चा गेम. पाच लाइफ (खेळायच्या संधी) संपल्या की अर्ध्या तासाला एक परत मिळते. दम नसेल तर पैसे मोजा. तेवढ्यावर २०२३ पर्यंत एकूण कमाई २० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. गूगल प्लेवर १ अब्ज डाउनलोड सगळ्या गेममध्ये आधी, २०१८ मध्ये, सबवे सर्फर्सने गाठले; पण कमाईत तो कॅन्डीच्या जवळपासही नाही.

कोडवाला (छ. संभाजीनगर):
साफ असहमत. मी छोटे गेम बनवतो. जिथं लोक गेमवर दहा रुपये खर्च करायला तयार नसतात, तिथं डाउनलोड हेच भांडवल. लुडो किंग नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ ला आणला, त्याच वर्षी जिओ आलं. गेम फुकट, नेट नसलं तरी एकाच फोनवर घरातले सगळे खेळतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो कुठल्या कुठे गेला. फुकट खेळणाऱ्यांना जाहिराती दाखवूनच तो उभा राहिला ना?

मोंढेकर:
राहिला, पण असा एकच. हजार वेळा जाहिरात दाखवून अमेरिकेत जे मिळतं, त्याच्या किती कमी आपल्याकडे मिळतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणूनच आपण डाउनलोडमध्ये वर आणि कमाईत खाली.

शिकवणीवाली ताई (लातूर):
तुम्ही दोघंही पैसेच मोजायलात. “जाहिरात बघा, लाइफ मिळवा” हे पोरं कसं खेळतात ते बघा. अर्धा मिनिट जाहिरात, ती दुसऱ्याच गेमची, बोट लागलं की तोही फोनमध्ये. यादीतले कितीतरी डाउनलोड असेच आलेले असतात, त्याला आवड म्हणायचं का? नीटच्या तयारीला खेड्यातून इथं येऊन राहिलेल्या पोरांच्या फोनवर रमीच्या जाहिराती यायच्या. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, ते फार बरं झालं.

कोडवाला:
ताई, कायदा मलाही पटतो. पण पैशाच्या गेमवाले जाहिरातींवर बक्कळ खर्च करायचे, त्यातून फुकट गेमवाल्यांनाही चार पैसे मिळायचे. ते पैसे दुसरं कोण देणार, हे सांगा.

स्टँडवरचा (जालना):
लई हिशोब झाला भाऊ. एसटीची वाट बघत बसलेल्या माणसाला काय पाहिजे? कमी जागेत बसणारा, रेंज गेली तरी चालणारा गेम. नवे गेम उघडले की आधी अपडेट मागायलेत. मग माणूस कॅरम नाहीतर लुडोच खेळतो. हे ज्याला कळलं त्याचाच गेम आमच्याकडं टिकतो.

मोंढेकर:
हेच तर सांगायलोय. टिकतो किती ते मोजा. यादी छापणाऱ्यांनी डाउनलोडशेजारी एक रकाना टाकावा : महिन्यानंतर शंभरातले किती जण अजून खेळतात. कोडवाले साहेब, तुम्ही स्वतःच्या गेमचा आधी हाच आकडा बघता ना?

कोडवाला:
हाच बघतो. पण त्या आकड्यावर भरवसा ठेवायचा तर आधी काही हजार डाउनलोड लागतात, आणि ते जाहिरात देऊन आणण्यातच माझे पैसे संपतात. म्हणून डाउनलोडला कमी लेखू नका म्हणतो.