मदत हवी आहे: चांदण्यांच्या गोधडीचा टॉप जोडून झालाय, टिपांची कोणती नक्षी घालू? (कोल्हापूर)

बॉबिनभर
नमस्कार. टॉप, म्हणजे वरचा जोडकामाचा थर, तयार आहे, आता टिपांपाशी अडलंय. विचारण्याआधी सगळी मापं देते, म्हणजे उलटे प्रश्न कमी येतील.

१२ इंची ब्लॉक, एका ओळीत ५, अशा ७ ओळी. ३५ पैकी १८ ब्लॉक ओहायो स्टारचे (नऊ घरांच्या चौकोनातली चांदणी) आणि १७ कोरे, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक. चांदण्या जुन्या सुती नऊवारींच्या, मरून, हिरवा आणि मोरपिशी चौकडा. कोरे ब्लॉक आणि चांदण्यांमागचं कापड इचलकरंजीचं ऑफ-व्हाइट कॅम्ब्रिक. भोवती ३ इंची मरून काठ. एकूण ६६ × ९० इंच. सगळ्या जोडांची माया (शिवणीपलीकडचं जादा कापड) एका बाजूला दाबून इस्त्री केली आहे.

वॅडिंग (मधला फुगीर थर) पॉलिस्टरचं, १५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम. मशीन घरगुती, सुईपासून खांबापर्यंत साडेसहा इंच जागा. वॉकिंग फूट (वरचं कापडही बरोबर पुढे सरकवणारा दाबपाय) आहे, फ्री मोशन (कापड हाताने फिरवत शिवणं) जमत नाही. पांघरूण रोजच्या वापराचं, मशीनमध्येच धुतलं जाणार.

कोऱ्या ब्लॉकमध्ये काय घालू? टिपा किती जवळ घेऊ? पाऊस लागायच्या आत एकदा धुऊन, उन्हात वाळवून हातावेगळी करायची आहे. मागचं अस्तर अजून घेतलेलं नाही.

वाकळवाली
सरळ वाकळेचा धावदोरा घाला की. कडेपासून सुरुवात, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. आपल्याकडची खरी नक्षी तीच.

टीपटाप
वाकळवाली ताई, तो धावदोरा ठिगळांच्या वाकळेवर शोभतो, कारण तिथे दोऱ्याला आडवं येईल असं खालचं चित्रच नसतं. इथे १८ चांदण्या आहेत. चौकोनी फेऱ्या त्यांना कुठेही कापत जातील, एकीचं टोक फेरीत बसेल, शेजारचीचं अर्धवट राहील.

दुसरी अडचण वॅडिंगची. लुगड्यांचे सपाट थर हाताने कडेकडून आत शिवत गेलं तरी चालतं, पुढ्यातला सैलपणा टाक्याटाक्याला हाताने सारता येतो. मधे फुगीर पॉलिस्टर असलं आणि मशीनने बाहेरून आत आलात, तर सगळा सैलपणा मध्यावर गोळा होतो आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत चुण्या पडतात. वॅडिंग असेल तर मध्यापासून बाहेर.

सुईनंबर१४
बॉबिनभर ताई, नियम साधा आहे. चौकड्यावर नक्षी दिसत नाही, तिथे मेहनत घालू नका. कोऱ्या कापडावर प्रत्येक टाका दिसतो, जे काय करायचं ते तिथे करा. चांदण्या टोकदार आहेत, तर कोऱ्या ब्लॉकमध्ये गोलाई घ्या. प्रत्येक बाजूला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आत झुकलेली कमान, मधोमध साधारण २ इंच खोल. वॉकिंग फूटने एवढी गोलाई आरामात येते. चार कमानी मिळून पाकळ्यांचा चौकोन दिसतो, आणि ब्लॉकमागून ब्लॉक एकाच टिपेत पुढे जाता येतं.

टीपटाप
दिसायला छान, पण हिशोब करा. १२ इंचांतून दोन्हीकडचे दोन-दोन इंच गेले की मधे ८ इंच मोकळे. रोज वापरायच्या, मशीनमध्ये धुवायच्या गोधडीत पॉलिस्टर शीट ८ इंच सुटी ठेवली तर ती धुण्यात ताणली जाते, आतल्या आत सरकते आणि तिथे पोकळ फुगा राहतो. पाकिटावर टिपांचं कमाल अंतर दिलं असेल तर ते पाळाच. सुटं मापून आणलं असेल तर ४ इंचांच्या आत राहा.

आणि वरून नक्षी शोधायचीच कशाला? ती टॉपमध्ये आहे. ओहायो स्टारचा ब्लॉक म्हणजे ४ इंचाची नऊ घरं. मधल्या चार घरांत तिरके जोड आहेत. वरच्या बाजूला डाव्या कोपऱ्यापासून ४ इंचावर पट्टी ठेवा आणि ४५ अंशात उजवीकडे खाली या. पट्टी वरच्या घराच्या तिरक्या जोडावरून जाते, मधल्या चौकोनाच्या कोपऱ्याला टेकते आणि उजव्या घराच्या तिरक्या जोडावरून बाहेर पडते. हीच रेघ तशीच शेजारच्या कोऱ्या ब्लॉकमध्ये वाढवा. कडेवरच्या दर ४ इंचाच्या खुणेतून आणि ब्लॉकच्या कोपऱ्यांतूनही अशा सगळ्या रेघा दोन्ही दिशांनी घेतल्या की पूर्ण गोधडीभर शंकरपाळ्यांची जाळी तयार होते. दोन रेघांतलं अंतर सगळीकडे सारखं, २.८३ इंच. चांदण्यांची टोकं आपोआप उठून दिसतात आणि कोऱ्या ब्लॉकमध्ये चांदणीची सावली उमटते.

आखणीही फारशी नाही. आतल्या कोऱ्या ब्लॉकच्या चारही कडांना शेजारच्या चांदण्यांचे जोड ४-४ इंचांवर येऊन थांबलेलेच आहेत. त्या खुणा आणि ब्लॉकचे कोपरे ४५ अंशात जोडायचे. बाहेरच्या ओळीत काठाकडच्या कडेवर मात्र मोजून खूण करा.

बॉबिनभर
हे डोक्यात आलंच नव्हतं. आखायला धुतल्यावर जाणारं निळं पेन आहे, ते चालेल? आणि दोरा किती लागेल?

सुईनंबर१४
निळं पेन घालवायला कापड चांगलं भिजवावं लागतं. तुमच्याकडे मरून आणि ऑफ-व्हाइट शेजारी शेजारी आहेत. जुनी नऊवारी असंख्य धुण्यांतून गेलेली असते, तिची काळजी कमी. तो मरून काठ नव्या कापडाचा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून कोमट इस्त्री फिरवा. फडक्याला गुलाबी झाक आली तर पेन विसरा. आणखी एक, निळ्या खुणेवर इस्त्री लागली तर ती पक्की बसू शकते. उष्णतेने जाणारी पेनं दिसायला सोयीची, पण त्यांची रेघ कडक थंडीत परत उमटते. कोल्हापुरात ती थंडी पडत नाही, तरी नीट केलेल्या कामावर हा धोका कशाला.

तुमची रेघ सरळ आहे, मग १ इंची मास्किंग टेप लावा आणि तिच्या कडेने शिवा. एक पट्टी चार-पाच वेळा चालते. रात्रभर कापडावर ठेवू नका आणि उन्हात तर नकोच, गोंद उतरतो. नाहीतर बोथट सुरीच्या पाठीने पट्टीलगत घडीची रेघ ओढा. कॅम्ब्रिकवर ती स्पष्ट दिसते, चौकड्यावर दिसणार नाही, पण तिथे जोड आहेतच.

दोऱ्याचा हिशोब: क्षेत्रफळाला अंतराने भागा. ६६ × ९० म्हणजे ५,९४०, त्याला २.८३ ने भागून सुमारे २,१०० इंच. दोन दिशा मिळून ४,२०० इंच, म्हणजे जवळपास १०७ मीटर टीप. दोरा जाडीतून वरखाली जातो म्हणून दीडपट धरा, वरून १६० आणि तेवढाच बॉबिनचा. आधी जोडांतून बांधणीची टीप घालणार असाल तर ती २५ मीटर वेगळी.

टीपटाप
ती बांधणी सोडू नका. शंकरपाळ्यांची प्रत्येक रेघ उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी, जाते आणि उरेबवर कापड ताणतं. आधी ब्लॉकच्या उभ्या-आडव्या जोडांत आणि काठाच्या जोडात टीप घालून चौकटी पक्क्या करा. टीप जोडाच्या खोलगट बाजूने, म्हणजे जिकडे माया नाही तिकडून. माया दोन्हीकडे उघडून दाबलेली असती तर जोडात टीप घालू नका असं सांगितलं असतं, कारण मग सुई फक्त जोडाच्या दोऱ्यातून जाते.

आता या नक्षीची खरी अडचण. सरळ उभ्या टिपांना मशीनच्या बाहीखाली जास्तीत जास्त अर्धी रुंदी, ३३ इंच, गुंडाळून बसते. तिरप्याला कोपऱ्याकडून गुंडाळायचं, त्यामुळे मधल्या रेघेला बाहीखाली ५५ इंच जातात. साडेसहा इंचात १५० जीएसएमची गुंडाळी बसते, पण घट्ट. ३०० असतं तर या मशीनवर तिरपी जाळी घेऊ नका असंच म्हटलं असतं. मधल्या तिरक्या रेघेपासून सुरू करा आणि उजवीकडे सरकत जा, प्रत्येक रेघेला गुंडाळी कमी होते. अर्धं झालं की गोधडी फिरवून दुसरं अर्धं. एका अर्ध्यातल्या सगळ्या रेघा एकाच टोकाकडून शिवा. एक वरून, पुढची खालून असं केलंत तर वरचं कापड आळीपाळीने दोन्हीकडे ढकललं जातं आणि दोन रेघांत तिरकी मुरड पडते.

मशीनच्या डावीकडे आणि मागे टेबल किंवा कॉट लावून घ्या. गोधडी खाली लोंबली की वजनाने ओढ बसते, टाके कधी लहान कधी मोठे येतात, सुई वाकते. मग लोक टेन्शनची चकती फिरवत बसतात.

वाकळवाली
अस्तराचं मी सांगते. चारी बाजूंना ४ इंच जास्त हवं, म्हणजे ७४ × ९८. महाद्वार रोडला ५८ इंच पन्ह्याचं सुती मागा. जोड उभा धरलात तर ९८ इंचाचे दोन तुकडे, ५ मीटर. आडवा धरलात तर ७४ चे दोन, पावणेचारच्या थोडं वर. ४ मीटर घ्या, आटायची सोय होते. शिवायच्या आधी धुऊन घ्यायचं.

टाचायला अस्तर फरशीवर उलटं पसरून चिकटपट्टीने ताठ बसवा, ताणून नाही. ताणलेलं अस्तर पट्टी काढली की आक्रसतं आणि मागे चुण्या येतात. ४ इंचांवर पिना म्हटलं तर साडेतीनशे लागतील. त्यापेक्षा पांढऱ्या दोऱ्याने मोठे कच्चे टाके घाला, दोन ओळींत ४ इंच. मशीनच्या टिपेखाली तो दोरा सापडला तर ओढताना जुनं लुगडं फाटतं, म्हणून कच्चे टाके उभे-आडवे घाला, तिरके नकोत.

बॉबिनभर
सुई आणि टाका? नऊवारी बरीच मऊ आहे, धागा तुटायची भीती वाटते.

सुईनंबर१४
टाका ३ मिमी. त्याहून बारीक टाका जुन्या कापडाला भोकांची रांग पाडतो. सुई नवी, १४ नंबर. चौकडा फारच विरविरीत असेल तर १२. जाड किंवा बोथट सुईच्या भोकांतून पॉलिस्टरचे तंतू वर येतात आणि मरूनवर ते पांढरे केस लगेच दिसतात. आले तर ओढू नका, मागोमाग आणखी येतात. वरूनच कात्रीने छाटा.

दोऱ्याचा रंग रिळावर ठरवू नका. हातभर सोडून तिन्ही चौकडे आणि कॅम्ब्रिक यांवर टाका आणि चार पावलं मागे जाऊन बघा. इथे फिकट बदामी जमेल असं वाटतं. पांढरा मरूनवर फार ओरडेल.

सुरुवात आणि शेवट काठाच्या बाहेर, जास्तीच्या वॅडिंगवर करा, गाठी मारायची वेळच येत नाही. आणि काठ कोरा सोडू नका. मधे दाट आणि कडेला काहीच नाही असं झालं की मधला भाग आक्रसतो, कड झालरीसारखी लाटा घेते.

बॉबिनभर
जाळीच करते. उरलेल्या अस्तर-वॅडिंगचा १२ इंची तुकडा करून आधी टाका बघून घेते. गोटाचं (कडेच्या पट्टीचं) कापड आजच आणू का?

टीपटाप
आणा, पण कापू नका. टिपांनी गोधडी थोडी आक्रसते, टिपा झाल्यावर काटकोनात छाटून मग घेर मोजा. आत्ताच्या मापाने ३१२ इंच आणि कोपरे-जोडांना १२. ४४ इंची पन्ह्यातून अडीच इंची ८ पट्ट्या पुरतात, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर, ६० घ्या. कडा सरळ आहेत, उरेब कापायची गरज नाही.