वेगासला क्रॅप्सच्या टेबलावर पहिल्यांदा जातोय : पैसे कुठे लावायचे आणि कुठे नाही?

सई_सांगलीची :

नमस्कार मंडळी. मी फिनिक्सला असते. आई-बाबा सांगलीहून आले आहेत आणि पुढच्या शनिवारी आम्ही गाडीनं वेगासला निघतोय. बाबा 34 वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. जुगाराला आयुष्यात शिवले नाहीत. पण संभाव्यतेचा धडा आला की दोन फाशांचं ते 36 खान्यांचं कोष्टक फळ्यावर काढायचे, आणि शेवटी म्हणायचे, "हे खऱ्या टेबलावर एकदा बघायचंय." म्हणून क्रॅप्सच, म्हणजे दोन फाशांचा तो जुगार. पत्ते नाहीत, मशीन नाही.

मागच्या वर्षी मी एकटीच एका टेबलापाशी जाऊन उभी राहिले होते. हिरव्या कापडावर इतक्या चौकटी, इतके आकडे, आणि माणसं एकदम ओरडायची. कशावर ओरडतात तेच कळेना. दहा मिनिटांत परत फिरले. बाबांच्या बाबतीत तसं व्हायला नको आहे. त्यांनी स्वतःच्या हातानं फासे टाकावेत आणि काय चाललंय ते त्यांना समजावं, एवढीच इच्छा.

बजेट 300 डॉलर. सगळे गेले तरी चालतील असं धरून बाजूला काढले आहेत. टेबलाचे रिवाज काय असतात? पैसे नेमके कुठे लावायचे? कुणी खेळलेलं असेल तर सविस्तर सांगा.

हेंडरसनकर :

सई, बाबांना नमस्कार सांग. त्यांच्या त्या कोष्टकातच हा सगळा खेळ आहे. मी डाउनटाउनमधल्या एका कॅसिनोत 11 वर्षं क्रॅप्सचा डीलर होतो. उभं राहून राहून गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. टेबलाच्या आतल्या बाजूनं जे पाहिलं ते सांगतो.

नव्या डावातली पहिली फेक म्हणजे कम-आउट. तिच्या आधी आपल्या पुढ्यातल्या कडेच्या पट्टीवर, म्हणजे पास लाइनवर, चिप ठेवायची. पहिल्याच फेकीत 7 किंवा 11 पडले तर लावले तेवढेच वर मिळतात. 2, 3 किंवा 12 पडले तर गेले. बाकी 4, 5, 6, 8, 9, 10 यांतलं जे दान पडेल तो झाला 'पॉइंट'. मग शूटर, म्हणजे फासे टाकणारा, टाकतच राहतो. पॉइंट परत पडला तर जिंकलात, त्याआधी 7 पडला तर हरलात आणि फासे पुढच्या माणसाकडे गेले. एवढाच खेळ. कापडावरचं बाकीचं सगळं याच्या भोवतीचं आहे.

डीलरकडे एक गोल चकती असते. काळी बाजू वर असेल आणि 'ऑफ' लिहिलेलं दिसलं तर नवा डाव सुरू होतोय, तेव्हा या. पांढरी 'ऑन' बाजू एखाद्या आकड्यावर ठेवलेली दिसली तर तो आकडा पॉइंट आहे, तेव्हा थोडं थांबा.

आता बाबांना आवडेल असा भाग. पॉइंट ठरला की पास लाइनच्या चिपमागे आणखी पैसे ठेवता येतात, त्याला 'ऑड्स' म्हणतात. कापडावर त्याची चौकट नाही, नाव नाही, कुणी येऊन सांगतही नाही. कारण त्यात कॅसिनोला एक पैसाही सुटत नाही. 4 किंवा 10 वर एकाला दोन, 5 किंवा 9 वर दोनाला तीन, 6 किंवा 8 वर पाचाला सहा असे मिळतात. कोष्टक काढून बघा : 7 सहा प्रकारे पडतो, 4 तीन प्रकारे, 5 चार, 6 पाच. म्हणजे मिळतात ते अगदी शक्यतेच्या प्रमाणात. समजा लाइनवर 15 आहेत, पॉइंट 8 आणि ऑड्स 30. 8 आला तर लाइनचे 15 आणि ऑड्सचे 36, असे 51 वर मिळतील. एक लक्षात ठेवा : पॉइंट ठरल्यावर लाइनवरची चिप उचलता येत नाही, ऑड्स मात्र केव्हाही परत घेता येतात.

आणि आता जे सांगायला मी खरं तर हे लिहायला बसलो. टेबलाच्या मधोमध, काठी घेतलेल्या स्टिकमनच्या पुढ्यात, रंगीत फाशांची चित्रं असलेला एक भाग आहे. तिथे एक डॉलरही ठेवू नका. 'एनी सेव्हन', म्हणजे पुढच्याच फेकीत 7 पडेल ही पैज, तिथे एकाला चार देते, द्यायला हवेत एकाला पाच. म्हणजे लावलेल्या प्रत्येक 100 डॉलरमागे सरासरी 16.67 कॅसिनोचे. 'हार्ड वे' म्हणजे 8 हा 4-4 असाच, 6 हा 3-3 असाच पडायला हवा. त्यात 9.09 टक्के जातात. 4 आणि 10 च्या हार्ड वेला 11.11. पास लाइनवर जातात 1.41.

टक्के ऐकून माणूस हलत नाही, म्हणून डॉलरमध्ये सांगतो. ताशी साधारण 100 फेका होतात. लाइनचा निकाल सरासरी तीन-साडेतीन फेकांनी लागतो, म्हणजे ताशी तीसेक निकाल. दर वेळी 15 डॉलर लावले तर तासाला सरासरी साडेसहाच्या आत जातात. आणि प्रत्येक फेकीला 'एनी सेव्हन'वर फक्त 5 लावत राहिलं तर तासाला 83. पाच डॉलर आहेत, पाचच तर आहेत, असं म्हणत लोक लावतात.

त्या मधल्या भागाच्या हाळ्या मी स्वतः दिल्या आहेत. "हार्ड वेज, एनी क्रॅप्स, यो!" यो म्हणजे 11. स्टिकवर उभा असलेल्यानं हे विकायचं, हे आम्हाला शिकवलेलंच असायचं. रात्रपाळी संपवून थेट गणवेशातच आलेली हॉटेलातली माणसं माझ्या हाळीला एक-एक डॉलर टाकायची. ते चेहरे मला अजून आठवतात. म्हणून कुणी विचारलं की मी हे आधी सांगतो.

रिवाज : नोटा डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, तो घेणारही नाही. फासे स्टिकमनकडे असताना कापडावर ठेवायच्या आणि "चेंज, प्लीज" म्हणायचं. फासे एकाच हातानं उचलायचे, दुसऱ्या हातात घ्यायचे नाहीत, टेबलाच्या कडेबाहेर न्यायचे नाहीत. पलीकडच्या भिंतीला ते आपटले पाहिजेत. तिथे टोकदार रबर लावलेलं असतं, म्हणजे कुणाचा हात कितीही सफाईदार असला तरी चालत नाही. फासे निघाले की आपले हात कापडावरून मागे. आणि पॉइंट ठरल्यावर 'सेव्हन' हा शब्द तोंडातून काढू नका, तिथली माणसं ते फार मनाला लावून घेतात.

शनिवारी रात्री स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावर, एका वेळी किमान 15, बऱ्याच ठिकाणी 25 असतात. 300 डॉलरला 25 चं टेबल घट्ट होतं. सकाळी दहाच्या आसपास जा, नाहीतर डाउनटाउनमधल्या फ्रीमाँट स्ट्रीटला या. सकाळी डीलरला वेळ असतो. "पहिल्यांदाच खेळतोय" म्हणालात तर तो हाताला धरून शिकवील.

आकडेमोड :

हेंडरसनकरांचे आकडे मी पडताळले, बरोबर आहेत. काकांसाठी भर घालतो : पास लाइनचे 495 निकाल धरले तर सरासरी 244 आपले आणि 251 कॅसिनोचे. सगळा धंदा त्या 7 च्या फरकावर. हा 495 कुठून आला ते त्यांना आपणहून काढू द्या, प्रवासात वेळ बरा जाईल.

'डोंट पास'बद्दल कुणीच बोललं नाही. त्यात 1.36 टक्केच जातात, म्हणजे पास लाइनपेक्षा कमी. मग तेच का नाही लावायचं?

हेंडरसनकर :

लावता येतं. पहिल्या फेकीत 2 किंवा 3 आले तर जिंकलात, 12 आला तर बरोबरी, आणि पॉइंट ठरल्यावर 7 पडावा अशी वाट बघायची. ती 12 ची बरोबरी ठेवली आहे म्हणून कॅसिनो तगतो, नाहीतर डोंटवाल्याचाच फायदा झाला असता. पण फरक 100 डॉलरमागे पाच सेंटांचा. त्यापायी सगळं टेबल एकीकडे आणि आपण एकटे दुसरीकडे असं होतं. बाबा फासे टाकायला येताहेत. स्वतःच्याच फेकीविरुद्ध पैसे लावून त्यांना काय आनंद मिळणार? पास लाइनच बरी.

आणखी एक. काही ठिकाणी 'क्रॅपलेस क्रॅप्स' लिहिलेलं दिसेल. त्यात पहिल्या फेकीत 2, 3, 12 नं हरत नाही म्हणून लोक खूश होतात, पण 11 नं जिंकणंही जातं आणि हे चारही आकडे पॉइंट होतात. 1.41 चे थेट 5.38 टक्के होतात. पाटी वाचून मगच उभे राहा.

नाव_नको :

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. तीन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर गेलो होतो. 200 डॉलर ठरवून नेले. एक बाई फासे टाकत होत्या तेव्हा टेबल असं तापलं की तासाभरात माझ्यापुढे 900 झाले. सगळे एकमेकांना टाळ्या देत होते, ओळखपाळख नसताना. तो आनंद खरा होता, खोटं सांगणार नाही. मग फासे पुढे गेले, लागोपाठ चार-पाच जणांना दोन-तीन फेकांत 7 पडला, आणि मी "आता येईल" म्हणत राहिलो. 900 गेले. मग एटीएमला तीनदा गेलो. पहाटे चारला मोजले तर 1,400 खिशातले गेले होते. बायकोला सांगायला सहा महिने लागले.

सई, बाबा तसे नसतील. पण कार्डं हॉटेलच्या खोलीतच ठेवा, तिजोरीत. आणि वेळ ठरवून जा, नुसते पैसे नाही.

हेंडरसनकर :

लिहिलंत हे फार बरं केलंत. "आता येईल" हे शब्द मी टेबलाच्या आतून रोज ऐकले आहेत. फाशांना मागचं काही आठवत नाही. 2009 मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटात एका बाईंनी 154 फेका टाकल्या, चार तासांहून जास्त वेळ. सरासरी शूटरला मिळतात साडेआठ. त्या बाईंच्या 154 व्या फेकीलाही 7 ची शक्यता सहात एकच होती.

सई_सांगलीची :

जाऊन आलो. फ्रीमाँट स्ट्रीटला रविवारी सकाळी साडेनऊ वाजता 10 डॉलरचं टेबल मिळालं. आमच्याखेरीज तिघंच होते. मी डीलरला सांगितलं की माझे वडील पहिल्यांदाच खेळताहेत, तर त्यानं प्रत्येक फेकीनंतर काय झालं ते थांबून सांगितलं.

495 बाबांनी किंगमन यायच्या आत काढला होता, पाकिटाच्या मागच्या बाजूला. तो कागद खिशात घेऊनच टेबलापाशी उभे राहिले.

स्टिकमननं पाच फासे पुढे सरकवले. बाबांनी दोन उचलले आणि आधी उजेडात धरून पाहिले. लाल, आरपार दिसणारे, कडा अगदी धारदार. मला मराठीत म्हणाले, "लहानपणी आम्ही अष्टाचंगा चिंचोक्यांवर खेळायचो गं." पहिली फेक 9. ऑड्स 20 लावले. मग 6, 4, 11, 8, परत 6, आणि 9. ऑड्सचे 30, लाइनचे 10. पलीकडचे एक वयस्कर गृहस्थ "नाइस रोल, सर!" असं ओरडले. बाबा इतके लाजले की आईला हसू आवरेना.

एकूण 14 फेका टाकल्या त्यांनी, मग 7. दोन तासांत 300 चे 262 झाले. मधल्या भागाकडे पाहिलंही नाही. हाळ्या चालू होत्या, हेंडरसनकर काका, तुमची आठवण आली.

एक विचारायचं राहिलं. एका फेकीत बाबांचा फासा टेबलाबाहेर उडाला. बसलेल्या माणसानं तो हातात घेऊन चहूबाजूंनी पाहिला. काय पाहतात?

हेंडरसनकर :

तो बॉक्समन. प्रत्येक फाशावर अनुक्रमांक आणि कॅसिनोची खूण असते. फासा आपलाच आहे ना, बदललेला नाही ना, कोपरा झिजलेला नाही ना, हे तो बघतो. तोच फासा परत हवा असेल तर "सेम डाइस" म्हणायचं, बहुतेक वेळा देतात.

14 फेका म्हणजे पहिल्या खेपेला छानच. तो पाकिटावरचा कागद जपून ठेव.