जुनं चेनसॉ, दोरी आणि दुखरे खांदे: तुमचे अनुभव लिहा

सुपारीबाग:
सकाळपासून शेजारचे अण्णा त्यांचं जुनं चेनसॉ घेऊन बसलेत. घर्रर्र... फुस्स. घर्रर्र... फुस्स. मी ओटीवर चहा घेऊन मोजतोय, ४३ झाले. आणि एकदम ३ जून २०२० आठवला. निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनच्या बाजूनेच आत शिरलं, दुपारी दोन-तीन तासांत वाडीतल्या सुपाऱ्या मधोमध मोडल्या आणि मागचा रायवळ आंबा आडवा स्वयंपाकघरावर. लॉकडाऊन चालू, लाईट नाही, फोन नाही, गडी मिळायचा प्रश्नच नाही. माळ्यावर बाबांचं मशीन होतं, वर्षभर कोणी हात न लावलेलं. मी आणि धाकटा आळीपाळीने दोरी ओढतोय, तळहाताला फोड आले, आई पडवीतून नुसती बघत्ये. शेवटी टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वासच नाही, जुन्या वार्निशचा. ओतून टाकलं, भावाच्या बाईकमधून नळीने ताजं काढलं, ऑइल मिसळलं, चौथ्या झटक्याला सुरू. एवढंसं होतं आणि आमचा अर्धा दिवस त्यात गेला.
असे किस्से असतील तर येऊ द्या. अण्णा ४७ वर पोचलेत.

टिकाव:
आधी स्विच बघायला सांगा अण्णांना. मी २० मिनिटं ओढलंय स्विच बंद ठेवून, बायको अजून पाहुण्यांना सांगते.

गॅरेजमास्तर:
वरचं हसण्यावारी नेऊ नका, निम्म्या वेळा तेच असतं. दुसरं म्हणजे चोक, इंजिनात जाणारी हवा कमी करायची खिट्टी. जुन्या मशीनला पूर्ण चोक देऊन ओढायचं आणि एकदा ‘फट्’ असा छोटा आवाज आला की लगेच चोक अर्धा करायचा, तो आवाज लोकांना ऐकूच येत नाही, ते पूर्ण चोकवर ओढत राहतात आणि ओव्हरफ्लो होतं, मग प्लग ओला. मग प्लग काढा, त्याच्या वायरची टोपी भोकापासून लांब ठेवा कारण आत पेट्रोलची वाफ असते, मशीन उलटं धरून पाच-सहा वेळा दोरी ओढा, प्लग पुसून लावा आणि चोक न देता फुल रेसवर ओढा. प्लगचा गॅप साधारण अर्धा मिलीमीटर. टू स्ट्रोक स्कूटर वाकडी करून किक मारणारी पिढी आहे आपली, हे शिकवायला नको खरं.

मीठभाकर:
स्कूटर वाकडी 😂 बाबा शाळेत सोडायला जाताना रोज. मी मागे दप्तर घेऊन उभी आणि मैत्रिणी रिक्षातून टाटा करून पुढे.

काजूगर:
ऑइल किती घालायचं पण? आमचा गडी अंदाजे ओततो

गॅरेजमास्तर:
@काजूगर अंदाजे नको. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. कुठलं ते मशीनच्या पुस्तकात आणि ऑइलच्या डब्यावर बघा. जास्त झालं तर धूर आणि प्लग काळा, कमी झालं तर पिस्टन गेला.

रानभेंडी:
पिस्टन गेला वरून आठवलं. तौक्ते वादळानंतर भावोजींनी मदत म्हणून आमच्या मशीनमध्ये बाईकचं साधं पेट्रोल घातलं. दोन फणस कापले मस्त. तिसऱ्याला जाम. भावोजी आहेत, बोलणार काय, जेवायला वाढलं.

हिमांकाखाली:
मिनेसोटातून. इथे इथेनॉल नसलेलं पेट्रोल वेगळं मिळतं, मी छोट्या मशीनांना तेच घालतो. तिकडे आता २० टक्के इथेनॉल ना? ते ओलावा ओढतं आणि जुनं रबर खातं. माझं मशीन सुरू होऊन लगेच मरायचं. कार्बोरेटर उघडला तर डायफ्राम, म्हणजे पेट्रोल खेचणारा पातळ पडदा, एक्सरेच्या फिल्मसारखा कडक झालेला, बोटात दाबला की करकर वाजत होता. नवा कापडासारखा मऊ असतो. टाकीतली नळी पण बघा, माझी गाळणीपाशी हात लावताच तुटून आली.

मीठभाकर:
बर्फ पडला का तिकडे? माझी मामेबहीण आहे तिथे, थंडीत फोनच उचलत नाही.

हिमांकाखाली:
@मीठभाकर उचलायला हातमोजा काढावा लागतो हो.

पन्हळ:
आमचं मशीन पडवीत खुंटीला असतं. पावसाळ्यानंतर काढलं, पेट्रोल ताजं, प्लग नवा, ठिणगी निळी कडक, तरी नाही. मुलगा म्हणाला बाबा सायलेन्सरला माती का लागलीय. कुंभारमाशीने घर केलं होतं! भोक लिंपून बंद, आत तिच्या पिल्लांसाठी आणून ठेवलेले कोळी. धूर बाहेर जायला वाट नाही तर इंजिन श्वास घेणार कुठून. आता भोकाला फडकं कोंबून ठेवतो, आणि ते काढायला विसरतो.

टिकाव:
कुंभारीण जिंकली 🙏

वळचण:
एकच सांगते. मशीन एका हातात लटकवून दुसऱ्या हाताने दोरी ओढू नका. जमिनीवर ठेवा, चेनचा ब्रेक लावा, मागच्या हँडलमध्ये पाय घाला. ह्यांच्या मांडीवर ९ टाके आहेत. आणि रायवळच्या लाकडाचं काय केलंत सुपारीबाग? आमच्या फणसाचा देव्हारा केला, पिवळाधमक दिसतो.

सुपारीबाग:
@वळचण फळ्या पाडून ठेवल्यात, भुंगा लागलाय थोडा. आईला पाट हवेत.

काजूगर:
भुंग्याला काय करता? आमच्या वाशांना पण लागलाय

सुपारीबाग:
थांबा थांबा, अण्णांचं सुरू झालं!! कुंभारमाशीचं वाचून दाखवलं म्हणून सायलेन्सर उघडला, आतली जाळी काजळीने गच्च. ब्रशने घासली, दुसऱ्या झटक्याला सुरू. पण सकाळी ठिणगी बघताना त्यांनी स्विचची वायर काढली ती लावायची राहिली, आता मशीन बंद होत नाहीये. अण्णा हातात धरून अंगणात उभे, काकू आतून ओरडतायत, कुत्रा कौलावर. मी कुंपणावरून ‘चोक ओढा, चोक’ करून ओरडतोय, त्यांना आवाजात ऐकू येत नाही. जातो.