चर्चा: कळ एकच, मग डी शार्प की ई फ्लॅट यावरून एवढी लाल शाई कशाला?

विश्रामबागकर
गणपतीत सोसायटीच्या पोरांकडून 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेमचं सुरुवातीचं संगीत बसवून घेतोय. कोजी कोंडोंचं, १९८५ चं. कीबोर्ड, पेटी, क्लॅरनेट आणि ढोलकी. मिडी फाइल, म्हणजे कुठली कळ कधी दाबायची याची नोंद, सॉफ्टवेअरमध्ये टाकली, पानं छापली आणि एका जाणत्या गृहस्थांना दाखवली. त्यांनी एक सूरही न वाजवता पान लाल करून परत दिलं. जिथे तिथे 'डी शार्प नव्हे, ई फ्लॅट'.

माझं म्हणणं, डी आणि ई मधली काळी कळ तीच, डी च्या वरची म्हणून डी शार्प, ई च्या खालची म्हणून ई फ्लॅट, आवाज तोच. मूळ गेमच्या मशीनमध्ये दोन स्क्वेअर वेव्ह, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक सॅम्पल, एवढे आवाजाचे पाच चॅनेल. चिपला नुसता आकडा द्यायचा, त्या आकड्याचा आवाज निघतो. तिला कुठले शार्प-फ्लॅट? मग आपण का रक्त आटवायचं?

टाचणी
चिपला नाहीत हो, पण पान चिप वाचणार नाहीये.

याच चालीत तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मधल्या भागात जी, एफ शार्प, एफ, मग ती काळी, मग ई अशी उतरण आहे. तिथे काळीवरून लगेच वर ई वर जायचंय, म्हणून डी शार्प. ई फ्लॅट लिहिलात तर पुढच्या ई ला शार्प-फ्लॅट रद्द करणारं नॅचरलचं चिन्ह लावावं लागतं, एका मापात दोन खुणा. सॉफ्टवेअरने सगळीकडे शार्प टाकले असतील तर ही जागा नशिबाने बरोबर आली.

थोडं पुढे तीच काळी पुन्हा येते, पण आता खाली डी आणि सी वर उतरते. खालून बास ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी असा चढतो. पानावर वरच्या ओळीत तीन पायऱ्या उतरताना दिसतात, खालच्या ओळीत तीन चढताना. तुमच्या छपाईत सगळे शार्पच असतील तर तिथे वर डी-डी-सी आणि खाली जी-ए-सी दिसत असणार. पायरीच गायब! पोरगं ठेचकाळणार नाही तर काय?

नुसता_श्रोता
छान उपक्रम दादा. व्हिडिओ नक्की टाका.

पांढरी_एक
टाचणी, तुमचं पटतं, पण हे दुखणंच सरगममध्ये नाही. पांढरी एकचा, म्हणजे सी चा, सा धरा. पहिल्या ठिकाणी प, तीव्र म, शुद्ध म, कोमल ग, शुद्ध ग. दुसऱ्या ठिकाणी कोमल ग, रे, सा. दोन्हीकडे कोमल ग तो कोमल गच, वर जावो की खाली. भातखंडे पद्धतीत खाली एक आडवी रेघ मारली की काम झालं.

सोसायटीतली पोरं पेटी शिकून आलेली असणार. स्वरलिपी तयार करणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या कुरुंदवाडपासून आपण हाकेच्या अंतरावर राहतो, स्वरलिपी इथे कुणाला नवी नाही. तरी मारिओ म्हटलं की पाश्चात्त्य लिपीतल्या पाच रेघा लागतातच का?

टाचणी
सुरांचं ठीक. लयीचं काय करणार? त्या चालीत दोन मात्रांत तीन सारखे सूर येतात, खालचा प, मग ग, मग वरचा प. पाच रेघांत वर ३ लिहिलं की संपलं.

पांढरी_एक
मात्रेचे तीन भाग करा. प ऽ ग | ऽ प ऽ. ढोलकीवाल्याला विचारा, तो बोटावर मोजून दाखवेल. उलट तुमचा ३ चा आकडा बघून पोरं तीन सूर एकाच मात्रेत कोंबतात, हे मी शिकवणीत दर आठवड्याला बघतो. एकावर एक सूर रचायचे असले तर मात्र सरगम अपुरी पडते, हे मान्य. पेटीला दुसरी ओळ लिहून द्यावी लागेल.

बुधगावचा_क्लॅरनेट
तुम्ही दोघं भांडा, मला क्लॅरनेटचं कुणी विचारलंच नाही. आमचं वाद्य बी फ्लॅटचं. सी लिहिला की बी फ्लॅट वाजतो, म्हणून आमच्यासाठी सगळं एक पूर्ण सूर वर लिहायचं. सी मेजरचं डी मेजर होतं.

मग टाचणींचा तो डी शार्प माझ्या पानावर ई शार्प होतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हटलं, लका, हा तर एफ! सरळ एफ लिही की. वरातीत बारा वर्षं वाजवतोय, ई शार्प कधी दिसला नव्हता. पण वाजवायला घेतलं तेव्हा कळलं. डी मेजरला एफ शार्प ओळीच्या सुरुवातीलाच लावलेला असतो. एफ लिहिला तर आधी नॅचरल आणि लगेच पुन्हा शार्प. ई शार्प लिहिला तर एकच खूण, पुढचा एफ शार्प आपोआप येतो. दिसायला विचित्र, बोटाला सोपा.

विश्रामबागकर
पायऱ्यांचं पटलं. रात्री बसून दुसऱ्या ठिकाणचे फ्लॅट केले, बासचेही. कीबोर्ड आणि क्लॅरनेटला पाच रेघा, पेटीला सरगमच्या दोन ओळी. ढोलकीला काहीच लिहून देत नाही, तो ऐकून वाजवेल.

एक मात्र सोडत नाही. लाल शाईवाल्यांनी पेटी उघडली असती तर सगळीकडे 'ई फ्लॅट' लिहिलं नसतं. पहिल्या ठिकाणी त्यांचीच दुरुस्ती चूक होती. न ऐकता 'छान' म्हणणं आणि न वाजवता लाल करणं, मला दोन्ही सारखंच वाटतं.

टाचणी
पहिल्या ठिकाणीही ई फ्लॅट केलं होतं? मग त्यांचं चुकलंच. आणि मीही तुमचं पान न बघताच बोलतोय. नव्या पानाचा फोटो टाका.

बुधगावचा_क्लॅरनेट
रविवारी सरावाला येतो. ई शार्पवर पेन्सिलीने गोल करून ठेवा, सवय नाही अजून.