शब्दचर्चा: नकाशातला ‘टँक’ म्हणजे टाकी का?

प्रश्न: अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जुन्या नकाशांवरचा मजकूर मराठीत आणतोय. प्रमाण १:६२,५००, प्रदेश ॲरिझोनाचा, सगळी गुरचराईची कोरडी रानं. तपकिरी समोच्चरेषांमध्ये जागोजागी निळा ठिपका आणि शेजारी ‘अमुक टँक’. मी सरळ ‘टाकी’ लिहिलं. चालेल ना?

उत्तर: नाही हो. टाकी म्हटलं की गच्चीवरची काळी प्लास्टिकची डोळ्यांपुढे येते. तिकडचा टँक म्हणजे बहुतेक वेळा ओढ्याला आडवा मातीचा बांध घालून गुरांसाठी साठवलेलं पावसाचं पाणी. ‘गुरांचं तळं’ लिहा. आणि तो ओढा तुटक निळ्या रेघेत, मध्ये तीन-तीन टिंबं देऊन काढलेला असेल, म्हणजे एरवी कोरडा.

प्रश्न: पाझर तलाव?

उत्तर: त्यातलं पाणी मुद्दाम जिरवायचं असतं. इथे जिरलं तर गुरं प्यायची काय?

आणखी एक उत्तर: सगळेच टँक मातीचे नसतात, दादा. टेक्ससमध्ये एल पासोजवळच्या ‘वेको टँक्स’ला खडकातल्या नैसर्गिक खळग्यांत पाणी साठतं. ॲरिझोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या ‘तिनाहास आल्तास’ला इंग्रजीत ‘हाय टँक्स’ म्हणतात. स्पॅनिश ‘तिनाहा’ म्हणजे चक्क रांजण! निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे पाहिलेत ना? मग दुसरा शब्द शोधायचा कशाला?

गंमत म्हणजे ‘टँक’ हा शब्दही बहुधा आपल्याकडूनच इंग्रजीत गेला. गुजराती-मराठी ‘टांकं’ आणि पोर्तुगीज ‘तांके’ दोन्ही त्यावर हक्क सांगतात. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या जुन्या कोशातही दोन्ही येतात. मला दोन्ही प्रवाह मिसळले असावेत असं वाटतं. आपलं टाकं मात्र खोदीव. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतो, तीच छिन्नीवाली टाकी त्यात आहे. त्यात ‘टाकं’चं अनेकवचनही ‘टाकी’च, म्हणजे गोंधळाला आमंत्रण. म्हणून शिवनेरीवरचं गंगा-जमुना हे टाकं, पण वेकोचे खळगे टाकी नव्हेत.

प्रश्न: पटलं. ‘टँक’ दिसला की आधी बांध आहे की खडक, ते बघतो. आता ‘विंडमिल’. पवनचक्की लिहिलं तर वाचकाला चाळकेवाडीची वीज दिसणार.

उत्तर: पहिल्यांदा ‘पाणी उपसणारी पवनचक्की’, पुढे नुसती पवनचक्की. पाणचक्की तेवढी लिहू नका, संभाजीनगरकर हसतील.