पुण्याहून सोलापुरात परत आलो, पण घरात मी अजून पाहुणीच

प्रश्न : बाळीवेशीची लेक

चौदा वर्षे पुण्यात काढून आम्ही गेल्या जूनमध्ये सोलापुरात परतलो. जुळे सोलापुरात भाड्याने घर घेतले आहे. माहेर बाळीवेशीत आणि सासर भवानी पेठेत असल्यामुळे दोन्हीकडे मनात येईल तेव्हा जाता येते. पूर्वी हुतात्मा एक्स्प्रेसचे तिकीट मिळाले तर दिवाळी घरी, नाही तर फोनवर, असा प्रकार होता. आता माझी दहा वर्षांची मुलगी शनिवारी शाळेतून परस्पर मामाकडे जाते आणि आजीजवळ बसून कडक भाकरी आमटीत कुस्करून खाते. एवढ्यासाठीच आम्ही आलो होतो, आणि ते सुख भरभरून मिळत आहे.

अडचण माझी आहे. सासरी कोणताही कार्यक्रम असला की मोठ्या जाऊबाई मला पाट देतात, शेंगाचटणीची वाटी पुढे ठेवतात आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकले की म्हणतात, “तू बस गं, पुण्याहून आलीस.” आठ महिने झाले तरी मी पुण्याहूनच आलेली आहे! शेजारी एका बाजूला तेलुगू आणि दुसऱ्या बाजूला कन्नड बोलणारे कुटुंब असून त्यांच्याशीही हसण्यापलीकडे ओळख गेलेली नाही. ज्यांनी असे स्थलांतर केले आहे, त्यांनी हे पाहुणेपण कसे संपवले?

उत्तर १ : पूर्व भागातील सून

तुम्ही मदत देऊ करता, म्हणून समोरचा माणूस संकोचाने नको म्हणतो. त्याऐवजी मदत मागून पाहावी. आम्ही मुंबईहून आलो तेव्हा मला हे आपल्या नळाने शिकवले. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि प्रत्येक भागाची पाळी वेगळी असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे एकदा टाकी कोरडी पडली असताना पाहुणे यायचे होते, तेव्हा मी नाइलाजाने चुलतसासूबाईंना फोन केला आणि धुण्याचे गाठोडे, दोन घागरी घेऊन थेट त्यांच्याकडे गेले. त्या दिवशी त्यांच्या मोरीत बसून मी चादरी धुतल्या, त्यांनी निथळत धरल्या आणि दोघींनी दोन टोकांनी पिळल्या. आपली सोलापुरी चादर ओली झाली की एकटीच्या हाताला आवरत नाही. त्यानंतर मला कोणी पाट दिलेला नाही. येत्या चैत्रात कुरडया आणि पापडांचे वाळवण जाऊबाईंच्या गच्चीवर घालण्याची परवानगी मागा. राखण करायला तुम्हालाच बसवतील.

उत्तर २ : निवृत्त शिक्षक, उत्तर कसबा

शेजाऱ्यांबद्दल लिहितो. आपले शहर तीन-चार भाषांत बोलते, तेव्हा एकेक वाक्य शिकून घेण्यास लाजू नये. कन्नड घरी “ऊट आतेनरी?” आणि तेलुगू घरी “बागुन्नारा?” एवढे विचारले तरी दार उघडते, मग उच्चार कितीही चुकोत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो. त्या दिवशी शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली (विणकर समाजाच्या) कुटुंबाबरोबरच जा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते तेव्हा सातही नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) शहरातील अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करण्यास निघतात. ती मिरवणूक आपण पुष्कळदा घोळक्यातून पाहतो आणि घरी येतो. त्याऐवजी मार्गावर ज्या नातेवाइकांचे घर असेल, तेथे पहाटे जाऊन अंगणात सडा-रांगोळी घालावी. संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाला, सगळ्या घराबरोबर गर्दीत चेंगरून उभे राहण्याची गंमत (आणि पायांची दशा) मला पंचाहत्तरीतही सोडवत नाही.

उत्तर ३ : होटगी रोड

थोडे विरोधी मत मांडतो. सर्वांत मिसळण्याच्या उत्साहात आम्ही पहिल्या वर्षी एकही बारसे, साखरपुडा किंवा वास्तुशांत चुकवली नाही आणि लग्नसराई संपेपर्यंत घरात एकमेकांशी बोलायलाही वेळ उरला नाही. आता रविवारची सकाळ आमची, हे सर्वांना सांगून टाकले आहे. सुरुवातीला आत्या रुसल्या. नंतर त्या रविवारी संध्याकाळी येऊ लागल्या.

बाळीवेशीची लेक

सर्वांचे आभार. नळाचा उपाय करण्याआधीच संधी चालून आली. मागच्या रविवारी (होटगी रोडवाल्यांनी क्षमा करावी) मोहोळजवळच्या दिरांच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. आगटीतून निघालेले कणीस चोळायला मी न विचारताच हात पुढे केला, तो असा पोळला की कणीस खाली पडले. सगळे हसले. जाऊबाईंनी माझ्या तळहातावर थंड ताक ओतले आणि दुसरे कणीस ठेवत म्हणाल्या, “हे चोळ. आणि उद्या सकाळी ये, शेंगा भाजायच्या आहेत, उखळ मला एकटीला ओढवत नाही.”