आवलीच्या हातातली चप्पल नास्तिकालाही दिसते

कृष्णाकाठ

परवा इथं एकानं लिहिलं, "ज्यांचा पांडुरंगावर विश्वास नाही त्यांनी 'संत तुकाराम' सिनेमावर बोलू नये. बहिऱ्यानं गाण्याला दाद दिल्यासारखं होतं ते." दोन दिवस गप्प बसून पाहिलं, जमत नाही.

मी देव मानत नाही, कॉलेजात असल्यापासून. घरात देव्हारा आहे, तो बायकोचा. ती माहेरी गेली की संध्याकाळी दिवा मी लावतो, हात जोडत नाही. यात लपवण्यासारखं मला काही वाटत नाही.

प्रभातचा तो १९३६चा सिनेमा मी नऊ-दहा वेळा पाहिलाय. दर वेळी घसा दाटतो तो एकाच जागी, आणि ती जागा वैकुंठगमनाची नाही. पोर आजारी आहे, आवली एका हातानं त्याला ओढत, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते, ती जागा. बारा वर्षांपूर्वी माझे वडील दवाखान्यात होते, तेव्हा आईनं देव पाण्यात ठेवले. बोलायची रीत म्हणून नव्हे, खरोखर. तांब्याच्या पातेल्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, वर गळ्यापर्यंत पाणी. "ह्यांना घरी आणा, मग तुम्हाला बाहेर काढते," असं ती देवांना म्हणाली, ते मी दारातून ऐकलं. ती आणि आवली माझ्या लेखी एकच बाई आहे.

अजून एक. 'आधी बीज एकले' तुकोबांचा अभंग समजून किती जण म्हणतात! तो शांताराम आठवल्यांनी त्या सिनेमासाठी लिहिलाय. कुणीतरी जीव ओतून काम केलं म्हणून ते काळजाला भिडतं. ते ऐकायला माझे कान पुरतात.

पायरी

अकरा वर्षं वारी करतोय, म्हणून बोलतो. तुमच्या आईनं देव पाण्यात ठेवले, कारण तिच्या लेखी त्या पातेल्यात कुणीतरी होतं. कुणीतरी, ज्याचा जीव गुदमरेल. तुमच्या लेखी पितळ होतं. तुम्हाला आईची माया आठवून रडू येतं, त्याला भक्ती कळली म्हणत नाहीत. १९१७ साली फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये पडद्यावर राम आला की लोक जमिनीला डोकं टेकायचे. त्यांना राम दिसत होता. तुम्हाला नट दिसतो.

आणि हेच हल्ली दिवेघाटात चाललंय. पाय फुटलेल्या म्हातारीला सांगतात, "आजी, जरा मागं जा, परत चालत या." का, तर फोटो नीट आला नाही! सगळ्यांना भक्ती बघायची आहे, करायची कुणालाच नाही. दर वर्षी मला याचा संताप येतो.

कृष्णाकाठ

म्हातारीला परत चालायला लावणाऱ्याला मीही झापेन. पण नास्तिकाला कळत नाही हे खोटं. डॉ. श्रीराम लागूंनी परमेश्वराला रिटायर करा असं उघड सांगितलं, आणि १९७७च्या 'देवकीनंदन गोपाला'त गाडगेबाबा उभे केले तेही त्यांनीच. बहिरा माणूस असा गातो?

निखारा

तुमचं दोघांचं गोड भांडण वाचून डोकं फिरलं. कृष्णाकाठ, हात न जोडता दिवा लावणं ही तडजोडच आहे, आणि अशा तडजोडींवरच सगळं उभं आहे. 'देऊळ' (२०११) परत बघा. गाय शोधायला गेलेल्या केशाला औदुंबराखाली दत्त दिसतो. तो बिचारा खोटं बोलत नाही, पण त्याच्या त्या साध्या श्रद्धेवर गाव बाजार मांडतं आणि दवाखान्याचा बेत बारगळतो. निरुपद्रवी श्रद्धा म्हणून काही नसतं. डॉ. दाभोलकर जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं मागत होते. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, त्यानंतर कायदा आला.

दुसरं टोक 'काकस्पर्श' (२०१२). पिंडाला कावळा शिवत नाही, थोरला भाऊ वचन देतो, आणि कावळा येतो! त्या एका कावळ्यापायी पुढं एका बाईचं आयुष्य करपतं, पण थेटरातून बाहेर पडणारी माणसं आपापल्या घरच्या दहाव्याच्या गोष्टी सांगत होती. कावळा खरा ठरला, बाई राहिली बाजूला.

मोगरा

कावळ्याचं नाव काढलंत म्हणून लिहिते.

अण्णांच्या दहाव्याला मला घाटावर येऊ नको म्हणाले, बायका येत नाहीत म्हणून. आजारपणाची चार वर्षं त्यांचं सगळं मी काढलं होतं, तेव्हा कुणाला बायका आठवल्या नाहीत. मी गेले. लांब पिंपळाच्या पारावर बसले.

पिंड मांडून तास झाला तरी कावळा शिवेना. झाडावर आठ-दहा बसलेले. भाऊ पुढं होऊन एकेक बोलत होते. जमीन विकणार नाही, धाकट्याचं शिक्षण करू, विहिरीचा वाद मिटवू. उन्हात सगळे घामाघूम. आमच्याकडं एक आत्या आहे, लग्नानंतर दीड वर्षात परत आलेली, अण्णांच्याच आधारानं राहिलेली. तिचं नाव कुणी घेईना. मी उठले, चपला काढल्या, पिंडासमोर जाऊन म्हटलं, "अण्णा, आत्याला मी माझ्याकडं नेते." चार पावलं मागं आले असेन, कावळा खाली उतरला.

आत्या माझ्याकडं आहे त्याला नऊ वर्षं झाली. कावळ्याला काय कळलं ते मला माहीत नाही. पण निखारा, तुम्ही म्हणता तशी इथं कुठली बाई करपली ते सांगा.

निखारा

तुम्ही मागं सरलात म्हणून तो उतरला. तासभर तुमचे भाऊ पिंडाला खेटून उभे, कावळा कसा येईल? आणि राग येणार असेल तर येऊ दे, पण विचारतो : कावळा पहिल्या मिनिटाला शिवला असता, तर आत्याचं काय झालं असतं?

मोगरा

तुमच्या घरातलं माणूस गेलं नाही वाटतं अजून.

निखारा

आई गेली, २०१९ला. दहावा केला नाही. देहदान केलं. मामा तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी. आता बोला.

पायरी

निखारा, आवाज खाली. त्यांनी मनातलं सांगितलंय, तुम्ही उलटतपासणी घेताय.

दर्भ

मी घाटावर विधी करणारा माणूस आहे, तेवीस वर्षं. सांगतो ते ऐका.

सकाळी पहिल्या दोन-तीन घरांच्या पिंडांना कावळा लगेच शिवतो, तो भुकेला असतो. साडेअकरानंतर येणाऱ्यांचे हाल, कारण तोवर कावळ्यांची पोटं भरलेली असतात. गर्दी असली, कुणी रंगीत छत्री उघडली, की तो येत नाही. मी घरच्यांना आधीच सांगतो, वीस पावलं मागं व्हा. अर्ध्या तासानं दर्भाचा कावळा करून शिवतो, शास्त्रात सोय आहे. तरी लोक हटून बसतात, खराच पाहिजे म्हणतात. आणि दक्षिणेच्या वेळी त्याच माणसांची घासाघीस सुरू होते.

मी श्रद्धाळू आहे. माझ्या वडिलांच्या पिंडाला कावळा शिवला तेव्हा मी रडलो. कावळ्याची भूक माहीत असूनही रडलो.

पण बाई, एक सांगतो. त्या तासात माणसं जे बोलतात ते एरवी कुठंच बोलत नाहीत. सख्खे भाऊ तिथं पहिल्यांदा एकमेकांकडं बघताना पाहिलेत मी. आणि लेकी याव्यात घाटावर. मी अडवत नाही.

निखारा

गुरुजी, भुकेचं तुम्हीच कबूल केलंत, बरं झालं. मोगरा, आत्याचं तुम्ही केलंत, त्याला मी नमस्कार करतो. तुम्हाला करतो, कावळ्याला नाही. आणि ते वाक्य कठोर झालं. मागं घेत नाही, पण सांगायची पद्धत चुकली.

मोगरा

आई गेल्याचं मला माहीत नव्हतं. मामांना एकदा फोन करा.

पायरी

धागा सिनेमाचा होता, गेला घाटावर. असो. कृष्णाकाठ, तुम्हाला सगळंच कळतं असं मी अजूनही मानत नाही. पण कालपासून एक डोक्यात आहे. ते देव पाण्यातून बाहेर कधी काढले?

कृष्णाकाठ

वडील घरी आले नाहीत. एकोणिसाव्या दिवशी गेले.

सुतक होतं, आई देवांना हात लावेना. शेजारच्या काकूंना विचारलं तर त्याही कचरल्या. पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात तसंच. चौथ्या दिवशी रात्री मला ते बघवेना, मी सुतक मानत नाही, मीच काढले. पाणी शिळं होऊन वास मारत होतं. बाळकृष्णाच्या गुडघ्याशी हिरवं चढलं होतं. नळाखाली धरून अंगठ्यानं घासत बसलो, निघेना. आई मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. मला वाटलं ओरडेल, सुतकात देवाला शिवलास म्हणून.

ती म्हणाली, "नुसत्या पाण्यानं नाही जायचं ते. फळीवर चिंच आहे, ती घे."